पालवणकर बाळू : चव्वेचाळीस वर्षांचा गोलंदाज



आपल्या पत्रिकेत प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय देण्याची प्रथा आहे. या वेळी नाव शोधावे लागले नाही. विकासखंड स्तरीय स्पर्धेसाठी शाळेचा क्रिकेट संघ निवडताना जो वाद झाला, त्यानेच ते सुचविले. बारावीतला एक विद्यार्थी तीन वर्षे आपल्या संघाचा मुख्य गोलंदाज होता. या वर्षी त्याला बळी मिळत नव्हते आणि संघ लागोपाठ हरत होता. त्याच्या जागी नववीतल्या मुलाला घ्यावे, असे काही पालकांचे म्हणणे पडले. ज्याने इतके सामने जिंकून दिले त्याला शेवटच्या वर्षी घरी बसवायचे काय, असे दुसऱ्या बाजूचे. खेळ शिक्षक आमच्याकडे आले. आम्ही निर्णय त्यांच्यावरच सोपविला, पण घरी जाताना वाटेत आम्हाला पालवणकर बाळू आठवले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या वेळच्या पुस्तकांत ध्यानचंद होते, बाळू नव्हते. नोकरीला लागल्यावर पुष्कळ वर्षांनी हे नाव आमच्या वाचनात आले आणि इतका मोठा खेळाडू आपल्याला माहीतच नव्हता याची लाज वाटली. पांढुर्णा, सौंसरच्या मुलांना ते माहीत असावे म्हणून हा लेख. भाषेत काही चुका राहिल्या असतील तर मराठीचे शिक्षक सांभाळून घेतील.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जात चर्मकार. त्या काळी ही जात अस्पृश्य मानली जात होती, आणि ही गोष्ट सोडून बाळूंचे चरित्र सांगता येत नाही. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलांचे लहानपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही खेळू लागले. एकाच घरातले हे चौघे भाऊ नंतर हिंदू संघाकडून खेळले.

शाळा फार काळ झाली नाही. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये लागले आणि पगार 4 रुपये झाला. तेथे जाळी बांधणे, रेघा मारणे, टेनिसचे मैदान आखणे ही कामे होती. कामाच्या अधेमधे सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डाव्या हाताने संथ चेंडू टाकणाऱ्या या मुलाची फेक साहेबांना आवडली. त्या क्लबातले सर्वांत चांगले फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज लवकर येत आणि बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेत. जितक्या वेळा बाळू त्यांना बाद करीत, तितक्या वेळा ते आठ आणे देत, असे सांगतात.

त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, ते नोकराने करावे, फलंदाजी साहेबांची. पण या रोजच्या श्रमातूनच बाळूंचा हात तयार झाला. एका जागी हजारो वेळा चेंडू टाकल्यावर टप्पा कुठे पडणार हे डोळ्यांना विचारावे लागत नाही. चेंडू दोन्ही बाजूंना वळविणे, वेग हळूच कमीजास्त करणे, फलंदाजाला पुढे ओढून चकविणे, हे सारे त्यांनी पगारी नोकर म्हणून शिकून घेतले.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि असा गोलंदाज गावातच होता. तरी त्याला संघात घ्यायचे की नाही यावर बराच वाद झाला. काही तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांना ते पसंत नव्हते. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाला वेगळे ताट, वेगळी जागा. हातपाय धुवायचे असले तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर बोलवायचा.

विद्यार्थ्यांना हे फार जुने वाटेल. आमच्या लहानपणी, म्हणजे 1970 नंतरच्या दशकात, आमच्या गावच्या एका चहाच्या दुकानात काही लोकांसाठीचे कप वेगळे, बाहेरच्या फळीवर ठेवलेले असत. ते पिणाऱ्यानेच धुवून ठेवायचे. आम्ही ते रोज बघत होतो आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हते. ही आमची चूक आज लिहून ठेवतो.

बाळूंच्या जोरावर पुण्याचा हिंदू संघ युरोपियन संघांना हरवू लागला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने तर बाळूंचे चेंडू वळू नयेत म्हणून सामन्याआधी आठवडाभर खेळपट्टी रोलरने दाबून घेतली होती. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणे जिंकले. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे त्यांचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला का बसत नाही, अशी कानउघाडणीही केली. लोकमान्य टिळकांनीही त्यांची प्रशंसा केल्याची नोंद आहे.

1896-97 च्या प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात आणि पुढे रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही प्रवेशाच्या वेळी कुरबुर झालीच. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांना 191 आणि 102 वर रोखले, आणि 109 धावांनी विजय मिळविला. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर झाला. तोपर्यंत जिमखान्यात बाळू आणि शिवराम यांची पंगत इतरांबरोबर होऊ लागली होती. दहा वर्षांत एवढे अंतर कापले गेले होते. एवढेच, असेही म्हणता येईल.

1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान खेळाडू आणि शीख कर्णधार, असा तो संघ होता. महाराज थोडेच सामने खेळले आणि राज्यारोहणाच्या समारंभात, मेजवान्यांत रमले. संघातले उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांचे सचिव, तेही बरेचसे त्यांच्याबरोबर गेले. उरलेला संघ 23 सामन्यांपैकी 15 हरला, फक्त 6 जिंकला. अशा पडत्या संघात पस्तिशीतल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने 114 गडी बाद केले, प्रत्येक बळीमागे 19 पेक्षा कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी, ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी. संघ हरतो म्हणजे सगळेच खेळाडू वाईट खेळतात असे नाही, हे आपल्या पालकांनी या आकड्यांत बघावे. जेव्हा दुसरे कुणी उभे राहत नाही तेव्हा चांगल्या गोलंदाजाच्या हातात चेंडू जास्त वेळ राहतो आणि तोच आधी थकतो.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांचाही त्यात पुढाकार होता, असे सांगतात. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 1910 पासून जवळजवळ दर वर्षी बाळूंना हिंदू संघाचा कर्णधार करावे अशी सूचना येत होती. ते सर्वांत ज्येष्ठ होते आणि सर्वांत यशस्वी होते. दर वर्षी मान दुसऱ्या कुणाला मिळे. 1913 साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी सत्काराच्या वेळी स्वतःच सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचे नाव आदराने घ्यावे असे आम्हाला वाटते. खुर्चीवर बसून ती दुसऱ्याची आहे असे म्हणणारी माणसे आमच्या नोकरीच्या काळात तरी आम्हाला मोजकीच भेटली.

डिसेंबर 1920. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यासाठी निवड समितीने त्यांना वगळले. वय झाले, हे कारण. पै आजारी असल्याने कर्णधारपद दिनकर बळवंत देवधर यांना दिले. देवधर पुण्याचे, अठ्ठावीस वर्षांचे, उत्तम फलंदाज. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे पालवणकर बंधू त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. दोघांनी संघातून नाव काढून घेतले आणि वर्तमानपत्रांत निवेदन प्रसिद्ध केले. कर्णधारपद खेळ आणि ज्येष्ठता पाहून दिले जात नाही, जात पाहून दिले जाते, असा त्याचा आशय होता.

निवड समितीच्या बाजूनेही थोडा विचार करू. चव्वेचाळिसाव्या वर्षी गोलंदाजाला वगळणे हा अन्याय आहे काय? एरवी नाही. संघ कुणाच्या उपकाराची परतफेड करण्यासाठी नसतो, आणि तरुणाला केव्हातरी जागा द्यावीच लागते. पण वेगवान गोलंदाजाचे वय आणि संथ फिरकी टाकणाऱ्याचे वय एका मापाने मोजता येत नाही. इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स हेही डावखुरे, संथ टाकणारे. बाळूंची तुलना त्यांच्याशी होत असे. 1926 साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या शेवटच्या कसोटीसाठी इंग्लंडने ऱ्होड्स यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत बोलाविले. त्यांनी सामन्यात सहा गडी बाद केले आणि इंग्लंडने मालिका जिंकली. शेवटची कसोटी ते 1930 मध्ये खेळले, वय बावन्न.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नागपूरला जन्मलेले आणि इंदूरला नाव कमावलेले कर्नल सी. के. नायडू. ते साठी ओलांडल्यावर, 1956-57 मध्ये, रणजी सामन्यात उतरले. आणि खुद्द देवधर? 1939-40 आणि 1940-41 या दोन्ही वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तेच होते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. बावन्नाव्या वर्षी त्यांनी एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली. त्यांना वय झाले म्हणून कुणी घरी बसविले नाही आणि ते योग्यच झाले. यात देवधरांचा काही दोष नाही. दोष मापाचा आहे. दहा वर्षे, हात भरात असताना, ज्याला एक कारण सांगून कर्णधारपद दिले नाही, त्यालाच पुढे दुसरे कारण सांगून संघाबाहेर काढायचे, तर त्या दुसऱ्या कारणावर त्याच्या भावांनी विश्वास का ठेवावा? वय हे खरे कारण असेलही. पण ते खरे मानले जाण्याचा हक्क समितीने आधीच गमावला होता.

भावांनी ऐन वेळी संघ सोडला ते बरोबर काय, हा प्रश्न आम्ही स्टाफरूममध्ये विचारला तेव्हा शिक्षकांत दोन तट पडले. शिस्त म्हणून आम्ही मुलांना असे करू देणार नाही. पण त्यांच्याजवळ दुसरा कोणता उपाय होता, हे आम्हाला सांगता आले नाही. अर्ज, विनंती हे दहा वर्षे चालूच होते.

काळही तसाच होता. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या शेजारी नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य समाजाची अखिल भारतीय परिषद भरली होती. आणि त्याच डिसेंबरात नागपुरातच काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराचा ठराव केला, ज्यात अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहनही होते. क्रिकेटच्या समितीला हे वारे लागणारच होते. पुढच्या सामन्यात, पारशी संघाविरुद्ध, पै कर्णधार म्हणून परतले, शिवराम आणि विठ्ठल परतले, आणि बाळूंना नुसते संघातच नाही तर उपकर्णधार म्हणून घेतले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पै यांनी हे जाणूनबुजून केले असावे असे आम्हाला वाटते. चव्वेचाळीस वर्षांच्या गोलंदाजाला कर्णधारपद मिळाले ते असे, काही षटकांपुरते.

पूर्ण मान घरात आला तो 1923 साली. धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरविले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. बाळू तोपर्यंत खेळातून निवृत्त झाले होते. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, प्रत्येकी सुमारे 15 धावांत. आजही हे आकडे कुणाही गोलंदाजाला भूषण वाटावेत असे आहेत, आणि यातले बरेचसे तिशी उलटल्यानंतरचे आहेत.

नंतरचे आयुष्य राजकारणात गेले. बाळू गांधीजींच्या बाजूचे होते. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध मताचे होते, आणि पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात बाळूंना उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. ज्या तरुणाने त्यांच्या सत्कारात भाग घेतला त्याच्याकडूनच ते हरले. कोण बरोबर होते यावर आपल्या वाचकांची मते वेगवेगळी असतील. आमच्या घरात डॉ. आंबेडकरांची तसबीर आहे, एवढे सांगून पुढे जातो.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अंत्ययात्रेला क्रिकेटपटू आले होते आणि दलित समाजाचे पुढारीही.

आपल्या संघाविषयी राहिलेच. खेळ शिक्षकांनी बारावीतल्या त्या विद्यार्थ्याला ठेवले आणि नववीतल्या मुलाला बारावा खेळाडू केले. पहिल्याच सामन्यात आपण हरलो. त्या मुलाला दोन बळी मिळाले. नववीतला मुलगा पाणी घेऊन चार वेळा मैदानात गेला आणि दर वेळी त्याच्याजवळ थांबून चेंडू कसा धरतात ते बघून आला.